परवाना मिळाला, आता साडेसहा लाखांचं वॉल्थर घ्यायचं का?

प्रश्न थोडक्यात असा. तासगाव भागातले एक द्राक्ष बागायतदार, बेदाण्याचाही व्यापार करतात. हंगामात रोख रक्कम घेऊन रात्री-अपरात्री फिरावं लागतं. दोन वर्षं खेटे घातल्यावर त्यांना स्वसंरक्षणासाठी एका शस्त्राचा परवाना मिळालाय. समोर दोन पर्याय आहेत. एक, सरकारी कारखान्याचं नवं .३२ बोअरचं (बोअर म्हणजे नळीच्या छिद्राचं माप) रिव्हॉल्व्हर, सगळं धरून दीड लाखाच्या घरात. दुसरं, पुण्यातल्या एका जुन्या घराण्याकडचं .३२ बोअरचं वॉल्थर पीपी पिस्तूल, त्याचे ते साडेसहा लाख मागताहेत. मेहुण्यांचं म्हणणं, "देशी रिव्हॉल्व्हर म्हणजे खेळणं. घ्यायचं तर जर्मन घ्या, त्याची किंमत कधी पडत नाही." यांना विचारायचंय की एवढ्या पैशांचं त्यात खरोखर काही आहे का.

मी कोल्हापुरात वडिलांच्या बंदुकीच्या दुकानात १९८९ पासून आहे. विक्री, दुरुस्ती आणि लोकांची शस्त्रं ठेव म्हणून सांभाळणं, ही तिन्ही कामं करतो. उत्तर आधी देतो, कारणं मग. साडेसहा लाख देऊ नका. स्वसंरक्षण हेच कारण असेल तर नवं रिव्हॉल्व्हर घ्या. वाचलेल्या पाच लाखांतले थोडे सरावावर घाला, बाकीचे बागेत घाला. आणि दीड लाख देण्याआधीसुद्धा एक गोष्ट तपासून बघा, ती पुढे सांगतो.

आपल्याकडे पिस्तुलाची किंमत कशी ठरते ते आधी बघू, कारण इथंच माणसं फसतात. परदेशी शस्त्रांची व्यापारी आयात १९८० च्या दशकाच्या मध्यात बंद झाली. त्याआधी जी वॉल्थर, वेब्ली, कोल्ट, स्मिथ अँड वेसन देशात आली, तीच आज हातोहात फिरताहेत. नेमबाजीतले नामांकित खेळाडू आणि परदेशातून कायमचं परतणारे काही लोक, एवढीच नवी भर. त्यात ९ मिमी, .३८, .४५५ हे बोअर सामान्य नागरिकाला निषिद्ध. म्हणजे राहिलं .३२, किंवा मग .२२. मागणी वाढत गेली, माल तेवढाच राहिला, आणि दरवर्षी त्यातले काही नग गंजून, हरवून, जप्त होऊन कमीच होत गेले. युरोप-अमेरिकेत साधारण स्थितीतलं जुनं वॉल्थर पीपी हजारेक डॉलरच्या आसपास मिळतं, म्हणजे लाखाच्या आतबाहेर. तुमच्याकडून साडेसहा लाख मागताहेत. त्यातला लाखभर रुपया पोलादाचा आणि कारागिरीचा. बाकीचे साडेपाच लाख तुम्ही बंद दरवाजाचे देताय. बंद दरवाजा तुमचं रक्षण करत नाही.

नव्या देशी शस्त्राची किंमतही निव्वळ लोखंडाची नाही, तेही सांगायला हवं. वर्षानुवर्षं सरकारी आयुध कारखान्यांशिवाय रिव्हॉल्व्हर बनवणारं कोणी नव्हतं. २०१४ साली कानपूरच्या कारखान्याने महिलांसाठी म्हणून 'निर्भीक' काढलं, टायटॅनियम मिश्रधातूचं, अर्ध्या किलोच्या आसपास वजनाचं. किंमत होती १,२२,३६० रुपये, आणि दागिन्यांसारख्या मखमली डबीत यायचं. तेव्हा माझ्याकडे चौकशीला आलेल्या बायकांपैकी निम्म्या शिक्षिका आणि परिचारिका होत्या. त्यांच्या चार-चार महिन्यांच्या पगाराची ती डबी होती. मी त्यांना घ्या म्हणू शकलो नाही. २०२१ मध्ये आयुध कारखाना मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या, पण दर काही उतरले नाहीत. २०२३ मध्ये कानपूरहूनच 'प्रबल' आलं, सुमारे १.४० लाखाला. वेब्ली अँड स्कॉट या ब्रिटिश नावाचं .३२ रिव्हॉल्व्हर आता उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातल्या संडीला इथे बनतं, तेही स्वस्तात नाही. त्यावर कर. पिस्तूल-रिव्हॉल्व्हरवर २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. लाखाच्या वस्तूवर आधी २८ हजार द्यायचात, आता ४० हजार. जुनं शस्त्र विकणारे याचाच फायदा घेतात. "आमच्याकडे कर नाही" म्हणतात, आणि त्या नावाखाली आपला भाव आणखी वर नेतात.

आता मेहुण्यांच्या "खेळणं" या शब्दाबद्दल. त्यांचा समज असा दिसतो की जर्मन पिस्तुलाचा मार जास्त. तसं नाही. दोन्ही .३२ च आहेत, फक्त काडतुसं वेगळी. रिव्हॉल्व्हरचं काडतूस लांब, त्याला काठ असतो. पीपीचं आखूड, त्याला ७.६५ मिमी असंही म्हणतात. दोन्ही जुनी घराणी. रिव्हॉल्व्हरचं १८९६ चं, पिस्तुलाचं १८९९ चं, जॉन ब्राऊनिंगचं. दोघांची ताकद नळीच्या तोंडाशी दीडशे ते पावणेदोनशे ज्यूलच्या आसपास. पोलिसांकडच्या ९ मिमीची साडेचारशे ते पाचशे. म्हणजे तुम्ही देशी घ्या नाहीतर जर्मन, हातात येणारी ताकद ९ मिमीच्या एक तृतीयांशच. जर्मन नळीतून गेली म्हणून गोळी मोठी होत नाही. आणि काडतूस बहुधा खडकीचंच येणार, पुण्याच्या दारूगोळा कारखान्याचं. बूड उलटं करून बघा, 'केएफ' अक्षरं दिसतील. हा कारखाना १८६९ चा आहे.

वॉल्थर पीपी वाईट शस्त्र आहे असं मी म्हणणार नाही. १९२९ साली आलेली ती रचना इतकी विचारपूर्वक केलेली आहे की ते उघडताना मला आजही आनंद होतो. पहिला बार घोडा न चढवता नुसता चाप ओढून काढता येतो, सेफ्टी खाली केली की घोडा सुरक्षित उतरतो, नळीत काडतूस असेल तर घोड्याच्या वर एक बारीक कांडी बाहेर येते, अंधारात बोटाला लागते. नवं असताना ते उत्तमच होतं. पण तुमच्यापुढे आहे ते किमान चाळीस वर्षांचं, कदाचित ऐंशीचं. स्लाइडवरची, म्हणजे वरच्या सरकत्या भागावरची, अक्षरं वाचून या. 'झेला-मेलिस' या जर्मन गावाचं नाव असेल तर दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं किंवा युद्धकाळातलं. 'उल्म' असेल तर नंतरचं. फ्रान्सच्या मानुऱ्हिन कंपनीचं नाव असेल तर १९५२ नंतर वॉल्थरच्या परवानगीने तिकडे बनलेलं. युद्धाच्या शेवटच्या काळातले नग घाईत केलेले असतात, वरचं पॉलिश बघूनच कळतं. विकणाऱ्याला हे ठाऊक नसतं आणि घेणारा विचारत नाही. भाव मात्र सगळ्यांचा एकच.

एक प्रसंग सांगतो. चारेक वर्षांपूर्वी शेजारच्या जिल्ह्यातले एक डॉक्टर असंच परदेशी .३२ पिस्तूल घेऊन आले. सौदा होऊन गेला होता, परवान्यावर नोंद झाली होती. म्हणाले, "फक्त एकदा तेलपाणी करून द्या." बाहेरून काळंशार, आरशासारखं. मी मॅगझिन, म्हणजे मुठीतली काडतुसांची पेटी, काढलं, स्लाइड मागे ओढून नळी रिकामी आहे ते बघितलं, त्यांनाही दाखवलं, आणि मुठीचा स्क्रू फिरवला. बेकलाइटची पट्टी निघाली तसा खाली तांबूस पीठ पडलं. घामाने आणि पावसाळ्यांनी आतली बाजू खाल्ली होती. वर नुकतंच ब्लूइंग, म्हणजे पोलादावरचा काळा मुलामा, करून घेतलेलं, त्यामुळे खड्डे झाकले गेले होते, पण बोट फिरवलं की लागत होते. मग नळीत उजेड टाकून बघितलं. आटे, म्हणजे नळीच्या आतल्या पिळाच्या खाचा, कडेला गोल झालेले, नळीच्या मध्यावर काळी रेघ. मॅगझिनचे वरचे ओठ थोडे फाकलेले होते, एक पाव मिलीमीटर असतील. तेवढ्याने तिसरं काडतूस तिरकं वर येऊन अडकत होतं. डमी काडतुसं भरून मी त्यांच्यासमोर वीस वेळा स्लाइड ओढली, सहा वेळा अडकलं. डॉक्टर काही बोलले नाहीत. खुर्चीवर बसून राहिले. मॅगझिन दुसरं मिळत नाही. परदेशातून शस्त्राचा सुटा भाग मागवायचा तर त्यालाही आयातीची परवानगी लागते. मी ओठ वाकवून, घासून जमेल तेवढं जमवलं. पण अडचणीच्या रात्री हे तिसऱ्या बाराला अडकणार नाही असं मी त्यांना सांगू शकलो नाही. ते पिस्तूल आजही त्यांच्या तिजोरीत आहे, आणि प्रवासाला ते पूर्वीसारखेच ड्रायव्हर सोबत घेऊन जातात.

हे सगळ्याच जुन्या शस्त्रांचं होतं असं नाही. निगा राखलेली पन्नास वर्षांपूर्वीची वेब्ली माझ्या हातून गेली आहेत, आजही घड्याळासारखी चालतात. पण ते कळण्यासाठी शस्त्र उघडावं लागतं. दिवाणखान्यात चहा पिताना मखमलीतून काढून दाखवलेल्या पिस्तुलाचं काही कळत नाही.

आता देशी रिव्हॉल्व्हर, त्याचेही दोष लपवणार नाही. चाप जड आहे. घोडा न चढवता नुसता चाप ओढून मारायचं तर नवशिक्याचं मनगट खाली जातं आणि गोळी खाली-डावीकडे लागते. नेमाची खूण ठसठशीत नाही. कडा कधीकधी धारदार राहिलेल्या असतात. जुनं सरकारी मॉडेल वेब्लीच्या धर्तीचं, बिजागरीवर मोडून उघडणारं. त्याचा वरचा खटका ढिला निघालेले नग मी परत पाठवले आहेत. 'प्रबल'मध्ये सिलिंडर, म्हणजे काडतुसांचं फिरतं नळकांडं, बाजूला निघतं, मला ती पद्धत जास्त पसंत आहे. पण या दोषांपुढे एक मोठा गुण आहे. रिव्हॉल्व्हरमध्ये एखादं काडतूस फुसकं निघालं तर तुम्हाला काही करावं लागत नाही, पुन्हा चाप ओढला की पुढचं काडतूस समोर येतं. पिस्तुलात फुसकं काडतूस दोन्ही हातांनी स्लाइड ओढून बाहेर काढावं लागतं. आठवड्याला सराव करणाऱ्याला ते सवयीनं जमतं. वर्षातून एकदा कपाटातून शस्त्र काढणाऱ्याला, हात थरथरत असताना, जमत नाही. तुम्ही दुसऱ्या प्रकारातले व्हाल. बहुतेक सगळेच होतात, त्यात कमीपणा नाही. त्यासाठीच रिव्हॉल्व्हर म्हणतोय.

नग निवडून घ्या. दुकानात एकाच मॉडेलचे दोन-तीन असतील तर तिन्ही मागा, दुकानदार कुरकुरला तरी मागा. पहिली गोष्ट, रिकामं आहे हे त्याने बघायचं, मग तुम्ही बघायचं. माझ्याकडे हा नियम आमदारालाही आहे आणि पोलिसालाही. मग घोडा चढवून सिलिंडर हलकेच डावी-उजवीकडे हलवून बघा. अगदी थोडा खेळ चालतो, खडखड वाजलं तर तो नग बाजूला ठेवा. सहाही घरं एकेक फिरवून बघा, प्रत्येक घर नळीसमोर नीट बसून खटका लागला पाहिजे. सिलिंडर आणि नळी यांच्यामधल्या फटीला मागून कागद धरून उजेड बघा. फट सगळ्या घरांना सारखी हवी. चाप जड असला तरी सलग ओढला गेला पाहिजे, मध्ये दातेरी लागायला नको. माझ्या अनुभवात एकाच पेटीतल्या चार नगांत जमीन-अस्मानाचा फरक निघालेला आहे, किंमत मात्र चौघांची एकच. हा अर्धा तास तुमच्या दीड लाखातला सगळ्यात मोलाचा अर्धा तास.

"किंमत कधी पडत नाही" याबद्दल. आजवर परदेशी नगांचे भाव चढत गेले हे खरं. पण सोन्यासारखं बाजारात नेऊन विकता येत नाही. घेणाऱ्याकडे त्याच बोअरचा आणि प्रकाराचा परवाना हवा. एका परवानाधारकाने दुसऱ्याला विकायचं तर घेणाऱ्याचं नाव-पत्ता देऊन जिल्हाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावं लागतं, आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावं लागतं. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात, पूर्वी तीन होती. त्या वेळी ज्यांच्याकडे तिसरं होतं ते सगळे एकदम विकायला निघाले. माझ्या दुकानात महिनाभर रोज दोघं-तिघं यायचे, आणि तोंडाला येईल तो भाव सांगणारी माणसं निम्म्यावर आली. उद्या सरकारने आयातीचं दार थोडं जरी किलकिलं केलं, किंवा .३२ चं एखादं चांगलं देशी पिस्तूल रास्त दरात आलं, तर तुमच्या साडेसहा लाखांचं काय होईल? हा जुगार ज्याला परवडतो त्याने खेळावा. कर्ज काढून बाग उभी केलेल्या माणसाने नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती मला रोज दिसते. दुकानाच्या मागच्या खोलीत तिजोरी आहे. तिच्यात ठेवीची शस्त्रं उभी असतात, प्रत्येकाला दोऱ्याने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली. नाव, परवाना क्रमांक, तारीख. यातली बरीच अशी की मूळ मालक वारले आणि वारसांना परवाना मिळाला नाही, किंवा त्यांना घ्यायचाच नाही. मुलगा पुण्यात संगणकाच्या नोकरीत, मुलगी ऑस्ट्रेलियात. दरवर्षी ठेवीचं भाडं येतं, कधी येत नाही. एका चिठ्ठीवरचं अक्षर माझ्या वडिलांचं आहे. ती शस्त्रं विकत घेताना त्यांनीही "पिढ्यान् पिढ्या राहील" असंच म्हटलं असणार. तुमची मुलं किती वर्षांची आहेत, त्यांना हे ओझं हवंय का, हे त्यांनाही एकदा विचारा.

किंमत तिथेच संपत नाही. परवाना दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला जातो. घरात भिंतीत किंवा जमिनीत बोल्टने पक्की केलेली लोखंडी पेटी हवी, काडतुसं वेगळ्या कुलपात. निवडणुकीची आचारसंहिता लागली की बहुतेकांना शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा आमच्यासारख्याकडे जमा करायला सांगतात. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद धरून पाच वर्षांत ते किती वेळा बाहेर जाईल याचा हिशेब घाला. जमा करताना तेल लावून, तेलकट कापडात गुंडाळून द्या. पावती घ्या, त्यावर नंबर तपासा. पोलिसांच्या मालखान्यातून आलेलं शस्त्र न उघडता तसंच कपाटात ठेवू नका. चार महिने दमट खोलीत पडलेली नळी मी बघितलेली आहे.

सराव हा खरा खर्च. माझ्याकडून शस्त्र नेणाऱ्यांपैकी वर्षभरात पन्नास गोळ्या मारणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. काडतुसांवर परवान्यात मर्यादा असते, एका वेळी किती आणि वर्षाला किती. ती तुमच्या पुस्तकात लिहिलेली आहे, ती वाचा. शेतात बार काढून बघू नका, लग्नात तर अजिबात नाही. हर्षाच्या गोळीबाराला २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. सराव रेंजवरच, प्रशिक्षकासमोर. आणि एक स्वस्त मार्ग सांगतो, जो मी स्वतः वापरतो. .१७७ बोअरची, २० ज्यूलच्या आतली हवेची पिस्तूल परवान्याशिवाय मिळते. एखाद्या क्लबमध्ये नाव घाला, आठवड्याला एक तास कागदावर मारा. चाप न झटकता ओढायचा, श्वास कुठे थांबवायचा, बोटाचं कोणतं पेर चापावर ठेवायचं, हे सगळं त्याच्यावर येतं, आणि काडतूस खर्च होत नाही. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं, ती अशाच तासांची कमाई.

खेळाचा विषय निघालाच आहे तर एवढं सांगतो की तिथे महागड्या परदेशी पिस्तुलाला खरोखर अर्थ आहे. तिथे एका गुणाच्या दहाव्या हिश्श्याने पदक जातं. मूठ खेळाडूच्या तळव्याच्या मापाची कोरलेली असते, चापाचं वजन ग्रॅममध्ये जुळवलेलं. तुमच्या मुलामुलींपैकी कोणाला या खेळात गोडी असेल तर साडेसहा लाख तिथे घाला, मी आडवा येणार नाही. तरी यंत्र ते यंत्रच. टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरचं पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं, बहुमोल मिनिटं गेली आणि अंतिम फेरी हुकली. जगातली उत्तम वस्तू, रोज देखभाल, शेजारी प्रशिक्षक, तरी हे झालं. तुमचं वॉल्थर तर कोणी शेवटचं कधी चालवलं हेसुद्धा सांगता येणार नाही.

सुरुवातीला म्हटलं होतं, दीड लाख देण्याआधी एक गोष्ट तपासा. ती ही. तुमची भीती नेमकी कुठे आहे? बेदाण्याचे पैसे रोखीने घरी आणताना? मग आधी व्यवहार थेट खात्यावर कितपत वळवता येतील ते बघा, सौद्याच्या दिवशी दोन गाड्यांनी जा, वेळ बदला. गाडी अडवली गेली तर माणसाच्या हातात दोन-तीन सेकंद असतात. शस्त्र कमरेला पट्ट्यात, शर्टाखाली, वर सीट बेल्ट. ते काढून, समोर कोण आहे ते ओळखून, मागे कोणी निरपराध नाही हे बघून मग चाप. आणि पुढे न्यायालयात प्रत्येक गोळीचा जाब. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये खाजगी बचावाचा हक्क आहे, पण तो धोका असेपर्यंतच आणि गरजेपुरताच आहे. पळणाऱ्याच्या पाठीत मारलेली गोळी त्यात बसत नाही. माझ्या गिऱ्हाइकांपैकी दोघांनी प्रसंगी शस्त्र बाहेर काढलं, दोघांनाही बार करावा लागला नाही. दोघांकडेही देशी रिव्हॉल्व्हर होतं. समोरच्याने कारखान्याचा शिक्का वाचला नाही.

आणखी एक विचारतो, राग मानू नका. प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतो. घरात कोणी मनाने खचलेलं आहे का, दारूचं व्यसन आहे का, वयात आलेलं रागीट पोर आहे का? उत्तर 'हो' असेल तर परवाना हातात असला तरी शस्त्र घरात आणू नका. आमच्याकडे ठेवीत ठेवा, किंवा घेऊच नका. हा धंदा करताना माझ्या हातून गेलेल्या एका शस्त्राने त्याच घरातला माणूस गेला. त्या घरी मी गेलो होतो. तेव्हापासून हा प्रश्न विचारल्याशिवाय मी पावती फाडत नाही, आणि दोन-चार विक्री गेल्या त्याचं मला दुःख नाही.

कोणी कमी पैशांत सीमेपलीकडचा गावठी कट्टा, म्हणजे बेकायदा बनवलेलं पिस्तूल, आणून देतो म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. ते तुम्ही करणार नाही हे ठाऊक आहे, तरी तुमच्या भागातल्या पोरांसाठी लिहून ठेवतो. विनापरवाना शस्त्राला किमान दोन वर्षांची कैद आहे, आणि त्या नळीचं पोलाद नळाच्या पाइपाचं असू शकतं. फुटलेल्या कट्ट्याने तळहात गेलेला माणूस मी पाहिलाय.

तर आता करायचं ते असं. पुण्याच्या मंडळींना ४५ दिवसांची नोटीस अजून देऊ नका म्हणावं. तरीही मन वॉल्थरवरच असेल तर त्यांना सांगा, तुमच्या जिल्ह्यातल्या नाहीतर पुण्यातल्या परवानाधारक दुरुस्तीकाराकडे पिस्तूल, दोन्ही मॅगझिन आणि परवान्याचं पुस्तक घेऊन या, आणि ते तुमच्यासमोर उघडून घ्या. मुठीच्या पट्ट्या काढायला लावा. एकच मॅगझिन आहे म्हणाले तर भाव तिथेच लाखाने खाली. पट्ट्या काढायला नको म्हणाले तर चहा पिऊन परत या. आणि रिव्हॉल्व्हरचं ठरलं तर इकडे कोल्हापूरला या, बुधवार सोडून कधीही. तीन नग टेबलावर मांडून ठेवतो.